नदीकाठचा पत्ता

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पुण्यात दर पावसाळ्यात एक बातमी हमखास छापून येते : 'भिडे पूल पाण्याखाली'. हा पूल मुळातच बुटका. नदीला जरा पाणी आलं की तो बुडणार, हे बांधणाऱ्यांनाही ठाऊक होतं. तरी दरवर्षी बातमी होते, आणि बातमी झाली की माणसं छत्र्या घेऊन नदी बघायला निघतात. कणसांच्या गाड्या लागतात. बाप पोरांना खांद्यावर बसवून पाणी दाखवतात. हे थोडे दिवस सोडले, तर एरवी हीच माणसं त्या नदीवरून जाताना नाकाला रुमाल लावतात. मीही लावते. उगाच खोटं कशाला बोला?

शहर आणि नदी यांच्या नात्याविषयी बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी जरा बिचकलेच. कारण हा विषय निघाला की एक ठरलेलं भाषण होतं. पूर्वी नदी आपली आई होती, आता आपण तिचं गटार केलं, वगैरे. चौतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. हे वाक्य मीही फळ्यासमोर उभी राहून पुष्कळदा म्हटलं आहे. पण आमच्या मुठेची हकीकत जरा नीट पाहिली तर ती इतकी सरळ नाही.

जुनं पुणं म्हणजे कसबा. मुठेच्या उजव्या काठावरची, जरा उंचावरची वस्ती. पुढे पेठा वाढल्या त्या बहुतेक नदीपासून दूर, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे. पलीकडच्या काठावर भांबुर्डा, म्हणजे आजचं शिवाजीनगर. ते तेव्हा वेगळं गाव होतं. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेला, नदीच्या अंगाला आहे. वाड्यातून निघालं की चार पावलांवर नदी. पण वाड्यातल्या कारंज्यांना आणि शहरातल्या हौदांना पाणी कुठून यायचं? कात्रजहून! नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजच्या आंबिल ओढ्यावर तलाव बांधले आणि तिथून जमिनीखालून दगडी नळ शहरापर्यंत आणला. वाटेत हवा खेळती राहावी, गाळ बसावा म्हणून उच्छ्वास ठेवले. कुठे मोट नाही, कुठे बैल नाही, पाणी आपल्या उताराने चालत यायचं. नदी जवळ होती खरी, पण खाली होती. तिचं पाणी वर चढवायचं तर माणसं आणि जनावरं राबवावी लागली असती. म्हणून काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेचा हौद, हे सगळे नदीला वगळून भरत असत.

त्याच काळात हा आंबिल ओढा शहराच्या मधून वाहायचा तो वळवून पश्चिमेला नेला आणि मुठेला नेऊन मिळवला. म्हणजे वाहतं पाणी आपल्या सोयीने उचलून दुसरीकडे ठेवणं ही काही आजच्या बिल्डरांनी लावलेली खोड नाही.

मग नदी कशासाठी होती? धुण्याला, आंघोळीला, गुरांना. घाटावर श्राद्धपक्षाला. ओंकारेश्वराशेजारी स्मशान होतं, तिथे शेवटचं न्यायला. आणि कोणी चाल करून आलंच तर आडवं पाणी म्हणून. थोडक्यात, पुणेकर नदीचं पाणी फारसं पीत नव्हता, पण नदीवर जात होता. रोज जात होता.

इंग्रज आले. १८५० च्या सुमाराला सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुळामुठेवर बंधारा झाला, त्यावरून आजचं बंडगार्डन हे नाव. पण खरी उलथापालथ झाली ती खडकवासल्यामुळे. मुठेवरचं हे धरण १८७९ साली पुरं झालं. कर्नल फाइफ यांच्या नावावरून त्याला 'लेक फाइफ' म्हणत. कालव्यातून शेतीला पाणी आणि लष्कराच्या छावणीला पाणी, हा हेतू. पुढे १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी इथेच आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. ठरावीक पातळी झाली की दरवाजे स्वतःच उघडावेत आणि पाणी उतरलं की मिटावेत, अशी योजना होती. आणि हळूहळू शहराला नळ आला.

इथे नातं उलटलं. पुणेकर नदीचं पाणी पिऊ लागला आणि नदीवर जायचा थांबला.

हे एका वर्षात घडलं नाही. माझ्या आजीच्या पिढीने दोन्ही सांभाळलं. आमचा वाडा नारायण पेठेत, नदीपासून चार वाडे सोडून. घरात नळ होता. तरी आजी कार्तिकात पहाटे नदीवर जायचीच. गोधड्या धुवायला तर दुसरी जागाच तिला मान्य नव्हती. तिला लिहिता-वाचता बेताचंच यायचं, पण नदी वाचता यायची. पाणी तांबडं झालं, त्यावर काटक्या-कुटक्या आणि फेस दिसू लागला की म्हणायची, 'वर पाऊस झालाय, आज घाटाखाली जाऊ नका.' कोणती पायरी बुडाली म्हणजे कोणाच्या अंगणात पाणी येतं, याचा तिचा हिशेब पक्का होता. तिसरी पायरी म्हणजे काही नाही. सातवी म्हणजे खालच्या आळीतल्या परटाला सांगायचं, गाठोडी उचल.

१२ जुलै १९६१. बुधवार. मी नऊ वर्षांची होते. पानशेतचं धरण अजून पुरतं बांधून व्हायचं होतं. ते मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवरचं मातीचं धरण. आदल्या रात्री जवान तिथे वाळूची पोती रचत होते, हे मला मोठेपणी कळलं. सकाळी ते फुटलं. आम्हाला कळलं ते रस्त्यातल्या ओरड्यावरून : 'धरण फुटलं, पळा!' आई भांबावली. आजी मात्र घाटाकडे बघून आली आणि म्हणाली, 'पाचवी पायरी आहे अजून. एवढं काही नाही.'

श्रोतेहो, त्या दिवशी माझ्या आजीचा हिशेब पहिल्यांदा चुकला. आणि तो चुकणारच होता. तिची नदी पावसाने वाढायची, पायरीपायरीने. ही नदी पावसाची नव्हतीच. ही भिंतीमागे अडवून ठेवलेली नदी होती आणि ती एकदम सुटली होती. वडिलांनी आजीचं ऐकलं नाही म्हणून आम्ही वाचलो. भवानी पेठेत मावशीकडे गेलो. दुपारी खडकवासल्याचं जुनं धरणही गेलं. शहरातले पूल पाण्याखाली गेले, मुठेकाठच्या पेठांमधून नदी वाहिली.

चौथ्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा वाडा पडला होता असं म्हणता येत नाही. मातीच्या भिंती. वाडा विरघळला होता. देवघराचं कोनाडं तेवढं उभं राहिलेलं. आजी चिखलात उभी राहून पहिलं काय बोलली असेल? 'पाचवीच होती ग.' पुढे तेरा वर्षं जगली, पण नदीबद्दल पुन्हा कधी तिने कोणाला काही सांगितलं नाही.

त्या दिवसांतली आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. गावभर चिखल, पाणीच पाणी, आणि नळ कोरडे. खडकवासल्याचा तलावच रिता झाला होता, नळाला येणार काय? मावशीच्या आळीतला वर्षानुवर्षं न वापरलेला आड उपसला गेला. जुन्या हौदांवर बायका कळशा घेऊन उभ्या राहिल्या. पेशव्यांचं कात्रजचं पाणी, ज्याला लोक तोवर इतिहासाच्या पुस्तकातलं समजत होते, ते त्या आठवड्यात कामी आलं. नळातून येतं ते पाणी म्हणजेच ही नदी, हे मला नऊव्या वर्षी तिथे रांगेत उभी असताना कळलं. भूगोल शिकवायचं मी तिथेच ठरवलं असं म्हणायला छान वाटेल, पण तसं काही नाही. बी.एड.ला इतिहासाच्या जागा भरल्या होत्या.

पूरग्रस्तांना शहराबाहेर उंचावर घरं मिळाली. आम्ही गोखलेनगरला गेलो. पत्ता बदलला, तशी नदी आमच्या घरातून गेलीच. शहरातल्या हजारो घरांचं असंच झालं. एका पिढीने नदीचा धसका घेतला आणि पुढच्या पिढीला ती माहीतच झाली नाही.

त्यानंतर धरणं पुन्हा उभी राहिली, वाढलीही. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार मिळून साधारण २९ टीएमसी पाणी साठवतात. त्यातला मोठा वाटा शहर पितं, उरलेला कालव्याने दौंड-इंदापूरकडच्या शेतीला जातो. मग मुठेच्या पात्रात, खडकवासल्याच्या खाली, वर्षाचे आठ-नऊ महिने काय वाहतं? तुमच्या-आमच्या मोऱ्या. हा काही उपमेचा भाग नाही, अक्षरशः तेच वाहतं. नदीचं पाणी नळाने घरात येतं, घरातून गटाराने नदीत जातं. म्हणजे मुठा अजून शहरातूनच वाहते, फक्त स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधून वळसा घेऊन.

मुळेची गंमत वेगळीच. तिचं मुळशीला अडवलेलं पाणी डोंगर ओलांडून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं आणि कोकणात कुंडलिकेला जाऊन मिळतं. सेनापती बापटांचा १९२१ चा मुळशी सत्याग्रह याच धरणासाठी जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांचा. मुंबईचे दिवे लागले ते असे. संगमावर मुळा आणि मुठा भेटतात असं आपण म्हणतो, पण दोघीही बऱ्याचशा रित्या हातांनीच येतात.

आणि पुढे? मुळामुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. भीमा उजनीच्या जलाशयात जाते. सोलापूर शहर ते पाणी पितं. उजनीच्या खाली तीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. एकदा मी आठवीच्या वर्गात नकाशावर हा प्रवास काढून दाखवला. वर्ग शांत होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, 'बाई, म्हणजे माझी आजी वारीला जाऊन आपल्याच मोरीचं पाणी डोक्यावर घेते?' वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मी उजनीत ते पाणी किती पातळ होतं, कसं निवळतं, असं काहीतरी सांगितलं. घंटा झाली म्हणून सुटले.

हे आपल्याकडेच झालं असंही नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या टेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की काठावरच्या पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावावे लागले. वास सभागृहात शिरल्यावर कायदा झटपट झाला, पैसे मिळाले, आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने मोठी भुयारी गटारं बांधली. पण त्यांनीही सुरुवातीला घाण संपवली नाही. शहराच्या पूर्वेला, खालच्या अंगाला नेऊन सोडली. शहरं हेच करत आली आहेत. खालच्या गावाला मत नसतं. आपली महापालिका तर नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या खिडक्यांना पडदे आहेत की नाहीत, मी पाहिलेलं नाही.

आता नदी सुधारायची मोहीम आहे. जपानच्या मदतीची, अकरा मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांची योजना आहे. ती पुरी व्हावी असं मला मनापासून वाटतं. दुसरी योजना काठ सजवण्याची. मुळा, मुठा आणि मुळामुठेचा ४४ किलोमीटरचा काठ बांधून काढायचा. मार्च २०२२ मध्ये तिची कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी काठावरची झाडं वाचवायला पुणेकर रस्त्यावर उतरले. मी त्या मोर्चात अर्ध्यापर्यंत चालले, मग गुडघ्यांनी नकार दिला. फिरायला छान जागा झाली तर मला नको आहे असं नाही. माझी शंका साधी आहे. पात्रात आधीच रस्ता झाला, राडारोडा टाकून काठ पुढे सरकले, मेट्रोचे खांब उभे राहिले. नदीला पसरायला जागा किती ठेवायची, हे ठरवताना आपण तिला बघायला कुठल्या महिन्यात गेलो होतो?

हे मी दुसऱ्यांना विचारत नाही. माझ्याकडूनच ही चूक झालेली आहे, आणि आजच्या बोलण्यात ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

२०११ साली लेक-जावयाने सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नदीकडच्या अंगाला फ्लॅट घ्यायचं ठरवलं. विहीणबाईंचे गुडघे माझ्याहून वाईट, म्हणून तळमजला. एप्रिल महिना होता. लेक म्हणाली, 'आई, तू एकदा बघून घे.' माझ्या फंडातले पैसेही त्यात जायचे होते. मी गेले. गॅलरीतून नदीकडची झाडी दिसत होती. पात्र कोरडं, मध्ये एक काळी रेघ. वारा छान येत होता. मी म्हटलं, 'हवेशीर आहे, घ्या.'

पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा असते, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधायचं नाही आणि निळ्या-लाल रेषांमध्ये अटींनी बांधायचं. हे मी मुलांना शिकवलेलं. ती इमारत कुठल्या रेषेच्या कुठे आहे, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. मी, पानशेतमधून उठून आलेली! आजीने निदान पायऱ्या मोजल्या होत्या.

२५ जुलै २०२४ ला पहाटे धरणक्षेत्रात आणि शहरात एकाच वेळी तुफान पाऊस झाला. खडकवासल्यातून सोडायचं पाणी रात्रीतून वाढवत नेलं. सिंहगड रस्त्यावरच्या कित्येक सोसायट्यांत लोक झोपेतून उठले ते पाण्यात. वेळेवर इशारा मिळाला की नाही, यावर पुढे बराच वाद झाला. त्या वादात मी पडत नाही. लेकीचा फोन आला तेव्हा पाणी गादीपर्यंत होतं. विहीणबाईंना शेजारच्या दोन मुलांनी खुर्चीसकट उचलून वरच्या मजल्यावर नेलं. सगळे सुखरूप. गेलं ते सामान : कपाटं, फ्रिज, नातवाची वह्या-पुस्तकं, आणि माझ्या आजीची एक पितळी कळशी जी पानशेतमधून वाचली होती. ती बुडाली नाही म्हणा, चिखलातून सापडली. पण चेपली.

पाणी उतरल्यावर मी तिथे गेले. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती, माझ्या छातीच्या जरा खाली. मी नातवाकडून तेलरंगाचा डबा आणवला आणि जिन्याच्या भिंतीवर त्या उंचीला एक आडवी पट्टी ओढली, बाजूला तारीख लिहिली. जुन्या पेठांत पानशेतच्या पुराच्या अशा खुणा मी पाहिलेल्या होत्या. महिनाभराने सोसायटीने जिना रंगवून घेतला. पट्टी गेली. सचिव सज्जन गृहस्थ आहेत. मला म्हणाले, 'काकू, दोघांना फ्लॅट विकायचे आहेत. लोक बघायला येतात हो.' त्यांच्यावर रागावता येईना. मी तरी घेताना काय विचारलं होतं?

लेकीला आता ते घर विकता येत नाही आणि विकावंसंही वाटत नाही. कोणाला विकायचं, असं ती म्हणते. आणि घेणाऱ्याला सगळं खरं सांगायचं म्हटलं तर घेणार कोण?

यंदा मे महिन्यात मी आणि नातू फाटकापासून नदीपर्यंत चालत गेलो. तो सातवीत आहे. त्याला म्हटलं, पावलं मोज. मध्ये एका मोडक्या कुंपणाच्या भोकातून वाकून जावं लागलं. राडारोड्याचा ढीग चढून उतरावा लागला. शेवटी त्या काळ्या पाण्याच्या काठाला पोचलो तेव्हा तो म्हणाला, दोनशे सोळा. घरी येऊन त्याने तो आकडा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिला, खाली तारीख घातली. जुलैत खडकवासला भरलं की पुन्हा मोजायचं, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं आहे. मला फक्त छत्री आणायला सांगितली आहे.